दुसऱ्याची फुंक

१

जुना सॅक्सोफोन बघायला जायचं असलं की अंबादास सकाळी पोटभर जेवत नसे. भरल्या पोटी फुंक वर येत नाही, आणि आपली फुंक आली नाही की माणूस वाद्याला नावं ठेवतो, असं त्याचं म्हणणं. एवढ्या वर्षांत भूम, वाशी, कळंबकडच्या कितीतरी बँडवाल्यांना त्यानं वाद्यं पारखून दिली होती. हे घ्या. हे नका घेऊ. ह्याच्या चाव्यांखालच्या गाद्या बदलल्या तर अजून बरीच लग्नं वाजवेल. हे सरळ भंगारात द्या. आज मात्र तो स्वतःसाठी निघाला होता, आणि अर्धीच भाकरी खाऊन उठला तरी छातीत जड जड वाटत होतं.

थकला होता हो माणूस, दुसरं काय! अर्धं आयुष्य नवरदेवाच्या घोड्यापुढं चालण्यात गेलं. त्यात गाव तेरखेडा. फटाक्यांचंच गाव, त्यामुळं वरात कुणाचीही असो, बारुदाला तोटा नाही. धूर गिळायचा आणि सूर काढायचा. गेल्या उन्हाळ्यात बार्शीच्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "आता फुंकायचं बंद करा." अंबादासनं मान डोलावली. घरी येऊन बायकोला, सरोजिनीला, त्यातलं निम्मंच सांगितलं.

सगळं सांगून करणार काय? बँडातून उतरलेला अंबादास म्हणजे कोण, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. गिरणीवर दळण घेऊन जाणारा एक म्हातारा, एवढंच. बँडचा मालक गुरुप्रसाद तसा गुणाचा पोरगा, बापामागं बँड त्यानंच टिकवला. पण तुळशीच्या लग्नाआधी तोही घरी येऊन, चहाचा कप हातात फिरवत बोलला होता.

"काका, राग मानू नका. मागच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सूर तुटला. बायका रडायच्या थांबून तुमच्याकडं बघायला लागल्या. ह्या सीझनला तुमचं जमलं तर ठीक, न्हायतर सॅक्सोफोनचं काम मी कीबोर्डवर घेतो."

तुटणार नाही तर काय होईल? वरातीत सॅक्सोफोनवाले जोडीनं चालतात. लांब सूर लागला आणि एकाची फुंक संपत आली की तो शेजाऱ्याच्या बरगडीला हळूच कोपर लावतो. शेजारी तोच सूर उचलतो, तेवढ्यात पहिला श्वास घेतो. ऐकणाऱ्याला वाटतं, सूर एकाच माणसाचा. ज्यानं उचललं त्याचं कोपर आलं की आपणही उचलायचं. ह्यात विचारणं-सांगणं नसतं, नाही म्हणायचीही रीत नाही. अंबादासचा जोडीदार बसप्पा, अणदूरचा, मुलाकडं हैदराबादला राहायला गेला आणि तेव्हापासून अंबादास एकटाच फुंकत होता. त्याचं स्वतःचं वाद्यही आता ठिकठिकाणी वारा सोडत होतं. घट्ट, जुन्या बनावटीचं, कमी फुंकेत बोलणारं वाद्य मिळालं तर निभावेल. नाही मिळालं तर बसायचं घरी.

परंड्याचे दादामियाँ वारले त्याला वर्ष होऊन गेलं होतं. त्यांचा विलायती सॅक्सोफोन त्यांच्या बायकोला विकायचाय, असा निरोप आला होता. दादामियाँ आयुष्यभर जोडीदाराशिवाय वाजवत, आणि त्यांचा सूर तुटलेला कुणी ऐकला नव्हता. वाद्यच तसं असणार, असं अंबादासनं मनाशी धरलं आणि भूमला गाडी बदलून तो दुपारी परंड्यात उतरला.

२

किल्ल्याकडच्या गल्लीत बेगमबीचं घर. पुढं एक खोली, आत एक खोली, मागं न्हाणी. सगळं झाडून पुसून लख्ख. बेगमबी सत्तरीच्या आसपासची, बारीक, बोलताना मध्येच थांबून पुढचा शब्द शोधणारी.

"बसा अंबादासभाऊ. लांबून आलात. लेक उझमा पुण्याला बोलवतीय मला, म्हणून घर आवराय काढलं. ही पेटी तेवढी राहिली."

पेटी कसली, शिसवीचा छोटा पेटाराच होता. आत लाल मखमल, तीही जागोजाग झिजलेली.

"कधी उघडली होती?"

"ह्यांच्या चाळिसाव्यानंतर हात लावला न्हाई."

अंबादासनं वाद्य दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला टेकवलं आणि मग नजर फिरवली. चांदीचा मुलामा उडालेला. पुढच्या कर्ण्यावर कोरलेली वेलबुट्टी बोटांनी घासून घासून पुसट झालेली. पण कुठं पोचा नाही, झाळून जोडल्याची खूण नाही, वेडंवाकडं सरळ केलेलं नाही. असं अंग हल्ली बघायला मिळत नाही. त्याचा जीव एकदम हरखला. मग त्यानं वरची वाकडी नळी, जिला वाजवणारे मान म्हणतात, ती काढून तिरकी केली आणि तिच्यातून पाणी सांडलं.

थेंबभर नव्हे. तळहातावर मावेल एवढं.

आता ह्यात नवल ते काय, असं कुणी म्हणेल. सॅक्सोफोन वाजवला की श्वासाची वाफ आत गार होते, तिचं पाणी होतं, ते मध्ये मध्ये झटकावं लागतं. पण ते वाजवल्यावर. वर्षभर बंद पेटीत पडलेल्या वाद्याची मान हाडासारखी कोरडी निघायला पाहिजे. अंबादासनं तोंडीवरची रीड अंगठ्यानं दाबून बघितली. वेताची ती पातळ पट्टी वर्षभरात वाळून कौलासारखी वाकडी व्हायची, ती मऊ होती. आत्ताच कुणाच्या तरी ओठांतून काढल्यासारखी ओली होती.

"घरात कुणी पोरंबाळं येतात का, भाभी?"

"कोण येतंय? मी एकटीच." बेगमबी पाण्याच्या त्या डागाकडं बघत होती. अंबादासनं खिशातला रुमाल काढून नळीत घातला तेव्हा ती दमल्या आवाजात म्हणाली, "पुसू नका भाऊ. परत येतं. हे होते तेव्हाबी यायचं. पुसून पुसून थकले मी."

अंबादासला वाटलं, म्हातारीनं पेटी कुठं ओलीला ठेवली असेल. न्हाणीशेजारच्या भिंतीला ओल असतेच. त्यानं रुमाल खिशात घातला आणि रुमाल कोमट लागला तिकडं लक्ष दिलं नाही.

३

वाद्य विकत घ्यायचं की नाही, ते अंधार सांगतो. चाव्यांखालच्या चामडी गाद्या नीट बसल्यात का हे उजेडात कळत नाही. आतल्या खोलीचं दार लावून घ्यायचं, वायरीच्या टोकाचा बारका बल्ब कर्ण्यातून आत सोडायचा, एकेक चावी दाबायची आणि कडेनं उजेडाची रेघ दिसते का बघायचं. रेघ दिसली की तिथून वारा जाणार. गाद्या बदलायच्या म्हणजे कुटाणा, चामडं मिळवा, लाख तापवा, पुन्हा पुन्हा बसवा. अंबादासनं तो आयुष्यभर केला होता आणि आता त्याच्या बोटांना नको झाला होता.

बेगमबी पुढच्या खोलीत चहा ठेवत होती. तो आत खाटेवर बसला, वाद्य मांडीवर आडवं घेतलं. एकेक चावी दाबली. रेघ नाही. वरपासून खालपर्यंत कुठंच नाही. अशा जुन्या गाद्या, वर्षभर तेलपाणी नाही, आणि एवढ्या घट्ट? त्याला आनंद व्हायला हवा होता, झालाही. तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं की आपण बोटं उचलून बराच वेळ झाला.

बोटं मांडीवर होती आणि खालची सगळ्यांत मोठी चावी बंद होती. ही चावी एरवी स्प्रिंगवर उघडी राहते. तो बघत राहिला. चावी सावकाश उघडली. गादी आणि भोकामधून बल्बचा पिवळा उजेड खोलीत आला. मग चावी सावकाश बंद झाली. उजेड गेला. परत उघडली.

स्प्रिंग ढिली झालीय, अंबादास स्वतःला म्हणाला. मांडी हलतेय, म्हणून चावी हलतेय. त्यानं मांडी घट्ट धरली. उजेड आला, गेला. त्यानं तळहात कर्ण्याच्या तोंडावर ठेवला. आतून ऊब येत होती. बल्बची असणार. त्यानं बल्ब ओढून बाहेर काढला, दार उघडलं, आणि पुढच्या खोलीतला चहाचा वास आला तेव्हा कुठं त्याला बरं वाटलं.

४

चहा निवत होता. अंबादासनं आपली नवी रीड लावली, तोंडी ओठांत धरली आणि सगळ्यांत खालचा सूर हळू सोडला. खोटं वाद्य इथंच उघडं पडतं. खालचा सूर हळू लावायला गेलं की ते खोकतं, फुसकन वारा सोडतं. हे बोललं. काय बोललं म्हणून सांगू! भरलेल्या माठावर हात थोपटावा तसा गोल, गंभीर सूर त्या दोन खोल्यांत भरला. अंबादासच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा चांगला सूर आपल्याकडून परत कधी निघेल, अशी त्याला आशा नव्हती.

मग नेहमीचं झालं. छातीतलं संपत आलं, बरगड्या दुखायला लागल्या. आणि सवय बघा माणसाची. समोर रिकामी भिंत, शेजारी रिकामी खुर्ची, बसप्पा बसलाय तिकडं हैदराबादला, तरी अंबादासचं उजवं कोपर आपोआप बाहेर गेलं.

सूर तुटला नाही.

अंबादासनं नाकानं श्वास घेतला. पोटापर्यंत घेतला, निवांत घेतला. ओठांत तोंडी होती आणि सूर चालू होता, तेवढाच गोल, तेवढाच गंभीर. त्यानं श्वास सोडला आणि सूर पुन्हा त्याचा झाला. सांधा कुठं कळला नाही. त्यानं वाद्य ओठांपासून काढलं.

गाल फुगवून वाजवणारे असतात. गालात वारा साठवायचा आणि तो सोडता सोडता नाकानं श्वास घ्यायचा. त्याला ती कला कधी साधली नव्हती. आज नकळत साधली असेल. एवढ्या वर्षांची तपश्चर्या आहे, येत असेल कधी तरी फळाला. त्यानं स्वतःची समजूत काढली, पण वाद्य खाली ठेवताना रिकाम्या खुर्चीकडं पाठ होणार नाही असा तो बसला.

बेगमबी उंबऱ्यात उभी होती, पदर तोंडाला लावून.

"अगदी ह्यांच्यासारखं," ती म्हणाली.

"गाद्या जुन्या हायत, भाभी. कॉर्क बदलावं लागंल. रीडची सोय बघावी लागंल," अंबादास बोलून गेला. घेणाऱ्यानं खोड काढायचीच असते. खोड एकही नव्हती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"घेऊन जा. चालवून बघा, जमलं तर ठेवा. बाकीचं नंतर बघू. पेटी जड हाय, एसटीत कुठं नेता? चादरीत बांधून देते."

५

तेरखेड्याला परत आल्यावर सकाळी ऊन तापलं तसं अंबादासनं रीतीप्रमाणं वाद्य खोललं. अंगणात उन्हात धुतलेली चादर अंथरली, चाव्या काढल्या, दांड्या काढल्या, स्क्रू वाटीत ठेवले. मान वेगळी, तोंडी वेगळी. सगळं वाळू दे, मग घासू, असं ठरवून तो आत चहा प्यायला गेला.

"अहो, तुमचा खोकला गेला का?" सरोजिनी म्हणाली.

खरंच गेला होता. भूमला गाडी धरताना तो चक्क पळाला होता. हे त्याला आत्ता आठवलं आणि तो हसला. सरोजिनीही हसली. बऱ्याच दिवसांत घरात असं हसू झालं नव्हतं.

"परंड्याची हवा मानवली म्हणायची! मी म्हणत व्हते, त्या डॉक्टरला काय कळतंय?"

चहा पिऊन तो अंगणात आला तर चादर एका जागी भिजली होती. मान जिथं ठेवली होती तिथं. वर कडक ऊन, बाकीचे भाग हात लावता येऊ नये इतके तापलेले, आणि त्या नळीच्या तोंडाशी एक थेंब जमत होता, पडत होता, परत जमत होता. अंबादास उकिडवा बसून ते बघत राहिला. थेंबाला एक लय होती. मग त्याला कळलं, त्या लयीत आपण श्वास घेतोय.

दुसऱ्या दिवशी जेवताना पहिल्यांदा कोपर आलं. पाटावर बसला होता, भाकरीचा तुकडा आमटीत बुडवलेला. उजव्या बरगडीला हळूच, ओळखीनं, कोपर लागलं. अंबादासनं वळून बघितलं. भिंत होती. आणि तेवढ्यात त्याचा श्वास निघाला. तो सोडत नव्हता, निघाला. लांब, सारखा, एका दोरीत, लांब सूर धरल्यासारखा. छाती रिकामी झाली तरी निघत राहिला. डोळ्यांपुढं काजवे चमकले. सरोजिनी काहीतरी विचारत होती, त्याला तोंड हलवता येत नव्हतं. मग सुटलं.

"ठसका लागला," तो म्हणाला.

त्यानं उचलून दिलं होतं, रीतीप्रमाणं. हे त्याला जेवता जेवता समजलं आणि त्यानं हातातला घास ताटात ठेवला. आपण त्या रिकाम्या खुर्चीला कोपर लावलं. उगाच लावलं, सवयीनं लावलं, पण लावलं. ज्यानं उचललं तो आता आपल्याकडं मागतोय. पण तिकडं तर कुणी वाजवत नाही! वाद्य सुटं होऊन चादरीवर पडलंय. मग हा कुणाचा सूर आपण धरतोय?

असले विचार माणसाला वेड लावतात. त्यानं संध्याकाळच्या आत वाद्य जोडून टाकलं.

६

गुरुप्रसादच्या बँडला वाशीजवळ एका गावात काम होतं. नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधी त्याला घोड्यावर बसवून मारुतीला नेतात ती मिरवणूक, दुपारच्या उन्हात निघाली. अंबादासनं सूर लावला आणि पुढं नाचणारी पोरं क्षणभर थांबली. असं वाजवणं त्यांनी ऐकलं नव्हतं. सूर कुठं संपतच नव्हता. पाठवणीच्या वेळी तर नवरीचा बाप मंडपाच्या खांबाला धरून ढसाढसा रडला.

"काका!" गुरुप्रसादनं सगळ्यांदेखत त्याचे पाय धरले. "मी काय बोललो ते विसरून जा. हा सीझन काय, तुमी हायात तवर ही जागा तुमचीच. कीबोर्ड गेला खड्ड्यात!"

हेच ऐकायला अंबादास एवढा धडपडला होता. ऐकलं, आणि त्याला रडू यावं इतका थकवा आला. वाजवताना कष्ट नव्हते हो. वाजवताना ते दुसरं त्याचं निम्मं ओझं उचलत होतं. पण वाजवणं थांबलं तरी त्याची सुट्टी नव्हती. टेम्पोत बसला, कोपर आलं. पाणी प्यायला वाकला, कोपर आलं. डोळा लागतोय तोच यायचं आणि तो मुकाट्यानं उठून बसायचा, श्वास देत राहायचा. पूर्वी धाप लागायची, खोकला यायचा, मग निदान पडून राहता यायचं. आता छाती अशी चालायची की बाकीचा माणूस तिच्यामागं फरपटत जायचा. सरोजिनी शेजारणींना सांगत होती, आमचे हे तरुण झाले बघा! तिच्याकडं बघून त्याला तिची दया येत होती.

"मला झोपायचंय गं," एकदा तो तिला म्हणाला. "नुसतं झोपायचंय."

"मग झोपा की. कोण नको म्हणतंय?"

त्यानं ठरवलं. हे वाद्य घ्यायचं नाही. बँडातली जागा गेली तर जाऊ दे, दळण आणू, शेळी राखू. सकाळी सॅक्सोफोन चादरीत बांधला आणि पुन्हा परंड्याची वाट धरली. एसटीत तो खिडकीशी बसला होता. सुटकेनं त्याला गुणगुणावंसं वाटत होतं.

७

"न्हाय जमलं, भाभी," तो म्हणाला. "वाद्य लाखात एक हाय. मीच दमलो."

बेगमबीनं पेटी पुढं ओढली, झाकण उघडलं. वाद्य परत करताना सगळे भाग दाखवून ठेवायची रीत असते, तसं अंबादासनं मान, तोंडी, अंग एकेक करून मखमलीवर ठेवलं. ती पेटीजवळ जमिनीवर बसली आणि वाद्याकडं बघत, शब्द शोधत बोलायला लागली.

"हे गेले, तेव्हा डॉक्टर आला. नाडी बघितली, डोळे बघितले. गेले म्हणाला. आणि छाती वरखाली होत होती, भाऊ. मी म्हणलं, अहो बघा की. तो म्हणाला, होतं असं, थोडा वेळ वारा असतो आत. तो निघून गेला. माणसं जमली. छाती चालूच. दुपार कलली, गुसलचं, शेवटच्या अंघोळीचं पाणी तापलं, आणि ह्यांचं अंग गार पडलेलं, आणि छाती चालूच. कुणी जवळ येईना. सॅक्सो खाटेशेजारी होता, ह्याच पेटीत, झाकण उघडं. आल्यागेल्याला ठेच लागंल म्हणून मी झाकण लावलं." तिनं पदरानं डोळे पुसले. "लावलं आणि थांबली."

अंबादासनं मखमलीवरच्या वाद्याकडं बघितलं.

"फार थकले होते ते. म्हणायचे, मी सोडतो म्हणतो, तो सोडत न्हाई. मला वाटायचं, बँडच्या मालकाबद्दल म्हणत असतील."

"मला का न्हाय सांगितलं तुमी?" अंबादासचा आवाज चढला.

"काय सांगू? सगळे म्हणाले, म्हातारीला भास झाला. मलाबी तसंच वाटायला लागलं होतं. त्या दिवशी तुमी वाजवलं, मला वाटलं, ते न्हाईत तर न्हाईत, सूर तरी ऐकू येतोय. मला माफ करा, भाऊ."

भासच तो. अंबादासनं मनात जुळवणी सुरू केली. थंडी पडली की कोरड्या हवेत खोकला जातोच. बार्शीच्या गोळ्या उशिरा लागू पडल्या असतील. तो धडधाकट होता. एसटी धरायला पळत होता. त्याला बार्शीच्या डॉक्टरचा चेहरा आठवला, फोटोकडं बघतानाचा, आणि सरोजिनीला न सांगितलेलं ते निम्मं आठवलं. दिवाळी बघाल, पुढचं सांगता येत नाही. दिवाळी होऊन गेली होती.

बघूच म्हणून त्यानं तोंड मिटलं आणि दोन बोटांनी नाक घट्ट दाबलं.

पेटीत मोठी चावी उचलली गेली. त्याची छाती वर आली. चावी बसली. छाती खाली गेली. त्यानं नाक आणखी दाबलं, नखं रुतली, ओठ दातांखाली धरले. कुठूनही वारा आत जायला जागा नव्हती. चावी उचलली, छाती वर आली. मग एक एक करून सगळ्या चाव्या मखमलीवर सावकाश हलायला लागल्या, कुणीतरी झोपेत बोटं चाळवावीत तशा, आणि तोंडीच्या टोकाशी रीड ओली चकाकत होती. अंबादासनं मनगटावर बोटं ठेवली. नाडी शोधली. पारखी बोटं होती ती, गादीतली केसाएवढी फट ओळखणारी. ती मनगटावर इकडून तिकडं फिरत राहिली.

बेगमबीनं त्याचा चेहरा बघितला आणि तिला कळलं. ती ओरडली नाही. तिनं हात वर करून पेटीच्या झाकणावर ठेवला.

"लावू का, भाऊ?" थंडीच्या दिवसांत खिडकी लावू का विचारावं तसं तिनं विचारलं. "न्हाई म्हणालात तर न्हाई. चादरीत बांधून परत घेऊन जा. जमंल तेवढं वाजवा."

बाहेर गल्लीत कुणीतरी कोंबड्यांना हाकलत होतं. अंबादासला गुरुप्रसाद आठवला, पाय धरणारा. मंडपाच्या खांबाला धरून रडणारा तो बाप आठवला. असा सूर पुन्हा कुणाला लागायचा नाही. मग त्याच्या उजव्या बरगडीला कोपर लागलं, आणि श्वास निघाला, आणि तो पार शेवटापर्यंत निघेस्तोवर अंबादास भिंतीला टेकून उभा राहिला. किती दमलो होतो आपण, ह्याचा अंदाज त्याला तेव्हा आला.

"जरा थांबा, भाभी," तो म्हणाला. "घरी एक फोन करतो."

सरोजिनीनं लगेच उचलला. मागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"अहो, दिला का तो सॅक्सोफोन? बरं झालं. कधी निघताय? भाकऱ्या टाकू का?"

बेगमबीचा हात झाकणावर होता.

"टाक," अंबादास म्हणाला. "तुझ्यापुरत्या टाक."